तांड्याचा प्रवास

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली, कीं शहरांतील सुशिक्षित घरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. नकाशे उघडले जातात, फराळाचे डबे भरले जातात, दाराला कुलूप लागतें, शेजाऱ्याकडे किल्ली दिली जाते, आणि मोटार रस्त्याला लागते. कोणी राजस्थानचें वाळवंट पाहावयास निघतें, कोणी सातपुड्याचे घाट चढूं लागतें. आठ-दहा दिवसांनीं मंडळी परत येतात, कुलूप उघडतें, आणि प्रवास संपतो. घर सोडून जाणें व घरीं परत येणें ही प्रवासाची व्याख्या इतकी अंगवळणीं पडलेली आहे, कीं तिच्यांत कांहीं गृहीत धरलेलें आहे हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. गृहीत असतें तें घर. तें एका जागीं उभें असतें, म्हणूनच त्याच्यापासून दूर जाण्याला प्रवास म्हणतां येतें. परंतु ज्यांचें घरच वाटेनें चालत असे, अशा लोकांच्या बाबतींत ही व्याख्या लागूं पडत नाहीं; आणि असे लोक महाराष्ट्राला परके नाहींत.

यवतमाळहून दारव्हा व दिग्रस या गांवांवरून पुसदकडे जाणारा रस्ता अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडील फांट्यांतून वळणें घेत जातो. कापसाचीं व तुरीचीं शेतें, सागाचें विरळ रान, उन्हाळ्यांत कोरडे पडणारे ओढे आणि मधून मधून बोडक्या टेकड्या असा हा मुलूख आहे. एस. टी. गाडींतील प्रवाशाला या बाजूला ज्या पाट्या दिसतात, त्यांपैकीं कित्येकांवर गांवाच्या नांवापुढें 'तांडा' हा शब्द असतो. तेथें घरें आहेत, शाळा आहे, देवळावर ध्वज आहे. चालतांना कांहींहि दिसत नाहीं. आणि तांडा या शब्दाचा मूळ अर्थ तर वाटेनें चाललेला समुदाय, ओझ्याच्या बैलांचा काफिला असा आहे. चालणाऱ्या समुदायाचें नांव थांबलेल्या वस्तीला कसें मिळालें, या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच बंजारा समाजाच्या कित्येक शतकांच्या प्रवासाची कथा होय.

बंजारा या नांवाचा उगम पुष्कळ अभ्यासक 'वणिज्' म्हणजे व्यापारी या संस्कृत शब्दांत शोधतात. लमाण किंवा लभाण या नांवाचा संबंध 'लवण' म्हणजे मीठ याच्याशीं जोडला जातो. हे लोक स्वतःला 'गोर' म्हणवितात आणि आपल्या बोलीला गोरबोली म्हणतात. यवतमाळच्या टेकड्यांत, मारवाडापासून शेंकडों मैलांवर, जी बोली आजहि घराघरांत ऐकूं येते, तिचें नातें ग्रियर्सननें आपल्या भाषिक पाहणींत राजस्थानीशीं लावून दिलें आहे. राठोड, पवार, चव्हाण या कुळनामांवरूनहि तीच दिशा सूचित होते. वाटेंत अनेक राज्यें लागलीं, अनेक भाषा कानांवर पडल्या; तरी घरांतील बोली बदलली नाहीं, कारण बोलणारें घर सबंधच्या सबंध पुढें सरकत होतें.

त्यांची वाट कोठून कोठें जात असे, हें नकाशावर सहज पाहतां येतें. वायव्येस सांभर, डिडवाना व पचपदरा येथील मिठागरें. भोंवतीं वाळू, खुरटीं झुडपें आणि दूर दूर विहिरी. तेथून अरवलीच्या खिंडींतून माळव्याचें पठार, पुढें विंध्य उतरून नर्मदा, मग सातपुडा. सातपुड्यांत अशीरगडाच्या पायथ्याशीं जी मोकळी वाट आहे, तीच बुऱ्हाणपुरावरून दक्षिणेंत उतरते. म्हणून बुऱ्हाणपुराला दक्षिणेचा दरवाजा म्हणत. तापी ओलांडली, कीं वऱ्हाडची काळी जमीन; ती संपली, कीं अजिंठ्याचे घाट; आणि घाटांपलीकडे पैनगंगा. या वाटेवर चाकाचा उपयोग थोडाच होता. वाळूंत गाडा रुतत असे, घाटांत तो चढत नसे, आणि पावसाळ्यांत काळ्या मातींत कोणतेंच चाक फिरत नसे. त्यामुळें माल गाडीवर न घालतां पाठाळ बैलांच्या पाठीवर, दोहों बाजूंस लोंबणाऱ्या गोण्यांत भरून नेत. या व्यापाराला बंजारा लोक 'लदेणी' म्हणत. उत्तरेचें मीठ दक्षिणेस यावें, दक्षिणेचें धान्य उत्तरेस जावें, आणि वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगातीरीं मिर्झापुरापर्यंत पोंचावा, असा हा व्यवहार होता.

त्यांतील अर्थशास्त्र साधें होतें. बैल चालत चालत चरत असे. वाटेवरचें गवत कोणाच्या मालकीचें नव्हतें, म्हणून चाऱ्याला खर्च नव्हता. खर्च नव्हता म्हणून वाहतूक स्वस्त होती. आणि वाहतूक स्वस्त होती म्हणूनच मीठ-धान्यासारखा जड व हलक्या किंमतीचा माल इतक्या दूर नेणें परवडत असे. या साऱ्या व्यापाराचा पाया म्हणजे मोकळें गवत. ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीनें विसरतां येत नाहीं.

इ. स. १६३२ मध्यें पीटर मंडी नांवाचा इंग्रज प्रवासी आग्र्याहून पाटण्याकडे जात होता. वाटेंत त्याला एक तांडा भेटला. धान्यानें लादलेले चौदा हजार बैल त्यांत होते, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. पुढें त्याला दुसरा तांडा भेटला. त्यांत वीस हजार बैल असल्याचें त्याला सांगण्यांत आलें. मंडीला नवल वाटलें तें केवळ बैलांच्या संख्येचें नव्हे. अशा एका तांड्यांत सहा-सातशें माणसें असावींत, तीं आपला सगळा संसार, बायकामुलें यांसह घेऊन चालतात, एक तांडा म्हणजे अनेक कुटुंबांचा समूह असतो, आणि प्रसंग पडल्यास त्यांच्या स्त्रियाहि पुरुषांप्रमाणें लढतात, असें त्यानें नमूद केलें आहे. दिवसाची चाल सहा-सात मैलांहून अधिक नसे, आणि तीहि सकाळच्या गारव्यांत. नंतर ओझीं उतरवून बैल चरावयास सोडीत. त्याच शतकांत फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्यानें लिहिलें आहे, कीं अरुंद रस्त्यावर असा तांडा समोरून आला, तर तो सबंध निघून जाईपर्यंत प्रवाशांना कधीं कधीं दोन-तीन दिवस थांबून राहावें लागे.

सहा-सात मैलांच्या चालीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मारवाडच्या मिठागरांपासून पैनगंगेपर्यंत वाटावळणांनीं सुमारें सहा-सातशें मैल होतात. म्हणजे तांड्याला एकाच दिशेनें जावयास शंभर दिवस तरी लागावेत. पावसाळा संपल्यावर निघालेलीं माणसें उन्हाळ्याच्या तोंडावर पोंचणार. एवढ्या काळांत मूल जन्माला येणार, म्हातारें माणूस वाटेंत डोळे मिटणार, कोणाचें लग्न ठरणार, कोणाचें भांडण तुटणार. हें सर्व घरीं परत गेल्यावर करूं, असें म्हणतां येण्याजोगें घर मागें कोठेंच नव्हतें. म्हणून जन्मापासून मरणापर्यंतचे सगळे विधि, न्यायनिवाडे आणि सणवार वाटेवरच व्हावयाचे. तांड्याचा मुख्य तो नाईक. त्याच्या हाताखालीं कारभारी. कोणत्या वाटेनें जावयाचें, कोणाशीं सौदा करावयाचा आणि कोणाचा अपराध किती, हें त्यांनीं व जाणत्यांनीं बसून ठरवावयाचें. 'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मराठींत हेटाळणीच्या सुरांत वापरतात. येथें मात्र त्या बिऱ्हाडाला घटना होती, कायदा होता आणि अधिकारी होते.

वऱ्हाडच्या पोलीस खात्यांतील कंबरलेज या अधिकाऱ्यानें एकोणिसाव्या शतकांत बंजारा समाजाच्या चालीरीति लिहून ठेवल्या. पुढें रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांचा उपयोग केला. त्यांत 'हटाडिया' नांवाच्या बैलाची हकीगत आहे. हा बैल बालाजीला वाहिलेला. त्याच्या पाठीवर कधींहि ओझें ठेवावयाचें नाहीं. तांबड्या रेशमाच्या पट्ट्या, घुंगरें, पितळी साखळ्या आणि कवड्यांच्या माळा यांनीं सजून तो तांड्याच्या अग्रभागीं चालावयाचा. आणि थकून तो जेथें बसेल, तेथेंच त्या दिवशींचा मुक्काम पडावयाचा. घरांत कोणी आजारी पडलें, तर त्याला या बैलाच्या पायाशीं आणीत. ही श्रद्धा खरीच; पण तिच्यांत व्यवहारहि होता. ओझें नसलेला बैल जेथें थकतो, तेथें ओझ्याचे बैल आधींच थकलेले असतात. आणि तीच गोष्ट कडेवर मूल घेऊन चालणाऱ्या बाईची. चालीचा वेग सर्वांत बलवान माणसानें ठरवावयाचा नाहीं, हा नियम त्या रूढींत अनायासें पाळला जात होता.

तांड्यांतील स्त्रीचा पोशाख शहरांतील प्रदर्शनांत हस्तकलेचा नमुना म्हणून मांडलेला दिसतो. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे चोळी, वर आरसे, कवड्या व रंगीत दोऱ्यांचें भरतकाम, आणि दंडापर्यंत भरलेल्या बांगड्या. ज्या कुटुंबाला पेटी ठेवावयास कोनाडा नाहीं, त्यानें आपली संपत्ति आणि आपली कला अंगावरच वागवावी, यांत आश्चर्य तें काय?

राजेरजवाड्यांना या लोकांची गरज होती, ती अन्नासाठीं. मोठें लष्कर शत्रूच्या मुलुखांत शिरलें, कीं त्याला धान्य पुरवील कोण? मोंगल सैन्याला तें बंजाऱ्यांनीं पुरविलें. परंपरा सांगते, कीं सतराव्या शतकांतील दक्षिणेच्या स्वारींत दिल्लीच्या वजिरानें भंगी व जंगी या दोन नाइकांना ताम्रपट करून दिला. बैलांना चारा नसेल तर घरांचीं छपरें आणि पाणी नसेल तर लोकांचे रांजण घेण्याची मुभा त्यांत होती. पुढें १८०३ मध्यें वेलस्ली वऱ्हाडांत उतरला, अडगांवची लढाई आणि गाविलगडचा वेढा झाला. त्या मोहिमेंतील त्याच्या पत्रव्यवहारांत बंजाऱ्यांचे तांडे केव्हां येतील, किती धान्य आणतील, याची काळजी पुन्हां पुन्हां दिसते.

पन्नास-साठ वर्षांत हें चित्र पालटलें. १८५३ मध्यें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें. १८६७ मध्यें लोहमार्ग वऱ्हाडांतून नागपुरास पोंचला, आणि बैलाच्या पाठीवरचा कापूस आगगाडीच्या डब्यांत गेला. १८७० च्या सुमारास सांभरचें सरोवर आणि १८७९ च्या करारांनीं मारवाडचीं इतर मिठागरें सरकारच्या ताब्यांत आलीं. त्यापूर्वीं सिंधूपासून महानदीपर्यंत उभारलेल्या जकातीच्या कुंपणानें मिठाच्या व्यापाराला आडकाठी केलीच होती. तें कुंपण १८७९ मध्यें उठलें, पण तोंवर मीठ रेल्वेनें जाऊं लागलें होतें. शेवटचा घाव गवतावर पडला. १८७८ चा जंगलाचा कायदा झाला, वऱ्हाडांतहि जंगलें राखीव झालीं, आणि जें गवत आजवर कोणाचेंच नव्हतें तें सरकारचें झालें. चराईला पैसे पडूं लागल्यावर पाठाळ बैल परवडेनासा झाला.

धंदा बुडालेल्या फिरत्या माणसाकडे पाहण्याची दृष्टीहि त्याच वेळीं बदलली. १८७१ मध्यें गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि कांहीं प्रांतांत बंजारा समाजावर त्याचा शिक्का बसला. ज्यांच्या येण्याची वाट सेनापति पाहत, त्यांच्या येण्याची वर्दी आतां पोलीस चौकीवर द्यावी लागूं लागली. या लोकांच्या देवाधर्माची टिपणें एका पोलीस अधिकाऱ्यानें लिहावींत, यांतच त्या काळाचा अर्थ आहे. तो कायदा स्वतंत्र भारतांत १९५२ मध्यें रद्द झाला. महाराष्ट्राच्या याद्यांत बंजारा समाज तेव्हांपासूनच्या 'विमुक्त' या नांवाखालीं नोंदलेला आहे.

तांडे थांबले ते अशा वेळीं. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला त्या काळीं वणी जिल्हा म्हणत. १९०५ मध्यें वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका त्याला जोडला गेला, आणि जिल्ह्याला यवतमाळचें नांव मिळालें. पुसद, दिग्रस, दारव्हा या डोंगराळ पट्ट्यांत गवत होतें, पाण्याचे झरे होते, आणि पैनगंगेपलीकडे निजामाचा मुलूख असल्यामुळें दोन्ही बाजूंच्या बाजारांशीं संबंध ठेवतां येत होता. नदीकांठची चांगली जमीन मात्र आधींच इतरांनीं नांगरलेली होती. मागाहून आलेल्यांच्या वांट्याला उताराची, मुरमाड जमीन आली. ज्या नाइकानें मुक्काम केला, त्याच्या मागोमाग आलेल्या कुटुंबांची वस्ती झाली. मुक्काम हलला नाहीं, तरी नांव मात्र तांडा हेंच राहिलें. अठराव्या शतकांतील संत सेवालाल महाराजांचें समाधिस्थान पोहरादेवी येथें, म्हणजे याच टापूला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यांत आहे. रामनवमीला तेथें दूरदूरचे बंजारा येतात, आणि एका दिवसापुरतें पांगलेलें कुटुंब एकत्र होतें.

पुसदजवळील गहुली हें असेंच एका तांड्याचें गांव. तेथें १ जुलै १९१३ रोजीं नाइकांच्या घरांत वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. इतका दीर्घ काळ तें पद दुसऱ्या कोणीं सांभाळलेलें नाहीं. त्याच गांवचे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळांत मुख्यमंत्री झाले. ज्यांच्या पूर्वजांची हजेरी कोठें कोठें पोलीस घेत, त्यांच्यांतून राज्याचा कारभार पाहणारे निघाले, ही गोष्ट लहान नव्हे. १९७२ च्या दुष्काळांत वसंतरावांच्याच कारकीर्दींत रोजगार हमी योजना उभी राहिली. पोटासाठीं माणसाला गांव सोडावें लागूं नये, हा तिच्यामागचा एक हेतु होता.

तो हेतु अद्याप पुरता सफल झालेला नाहीं, हें दिग्रस, पुसद, महागांव व उमरखेड या भागांतील कांहीं तांड्यांत दिवाळीनंतर गेल्यास दिसून येतें. उताराच्या कोरडवाहू जमिनींत कापूस वेंचून झाला, कीं पुढें काम नसतें. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं नवराबायको ऊसतोडीला निघतात. ट्रकमध्यें भांडीं, अंथरुणें, सरपण, कधीं कोंबड्या आणि शेळीहि चढते. कारखान्याच्या हिशेबांत नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात. दोन माणसांचें कुटुंब तेथें एका हत्याराच्या नांवानें मोजलें जातें.

बंजारा माणसाला भटकंती रक्तांतच असते, असें शहरांत सहज बोलण्याची रीत आहे. त्यांत अज्ञान आहे. पूर्वीचा तांडा भटकत नव्हता. तो माल घेऊन निघे आणि माल पोंचवी. बैल त्याचे स्वतःचे, सौदा त्याचा, नाईक त्याच्यांतला. आणि मुख्य म्हणजे आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळें घर एकत्र चालत असे. आजच्या ट्रकमधून अर्धें घर जातें. म्हातारीं मागें राहतात, धाकटीं मुलें आईबरोबर फडावर जातात, आणि शाळेंत जाणाऱ्या मुलांपुढें दोनच मार्ग असतात: वर्ग सोडून आईबापांबरोबर जाणें, किंवा आईबाप सोडून वर्गांत राहणें. कांहीं ठिकाणीं साखरशाळा निघाल्या, कांहीं ठिकाणीं गांवांतच हंगामी वसतिगृहें चालविलीं गेलीं; त्यांचा उपयोग झाला. तरीहि हा निर्णय दर वर्षीं प्रत्येक घराला नव्यानें घ्यावा लागतो. चालत असतांना जें कुटुंब फुटलें नाहीं, तें थांबल्यावर फुटूं लागलें. या प्रश्नाचें उत्तर प्रवास बंद करण्यांत नसून, निघावयाचें कीं नाहीं हें ठरविण्याचें स्वातंत्र्य पुन्हां त्या घराच्या हातीं येण्यांत आहे. आणि तें उताराच्या जमिनीवर मुरणाऱ्या पाण्यावर, गांवाजवळच्या कामावर आणि बारा महिने भरणाऱ्या शाळेवर अवलंबून आहे.

होळी हा बंजारा समाजाचा मोठा सण. त्या वेळीं तांड्यांत लेंगी गातात, आणि गाणाऱ्यांत आबालवृद्ध असतात. परंतु एखाद्या वर्षीं होळीला तांड्यांत किती माणसें असतील, हें आतां कोठल्या तरी दूरच्या कारखान्याचा हंगाम ठरवितो.

दिवाळी सरतांना यवतमाळ-पुसद रस्त्यावरून शहरांतील मोटारी सहलीला जातात, आणि त्याच रस्त्यानें हे ट्रकहि जातात. दोहोंत कुटुंबें असतात, मुलें खिडकींतून किंवा फळीवरून बाहेर पाहत असतात. दोघांच्याहि दारांना मागें कुलूप लागलेलें असतें. एकाचें आठ दिवसांनीं उघडतें. दुसऱ्याचें पांच-सहा महिन्यांनीं.